नोकरी परदेशात गेली, त्यानंतरची 12 आठवड्यांची आउटप्लेसमेंट सेवा : माझा अनुभव

पुरवठादारांची बिलं खरेदी-ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या पावतीशी ताडून बघायची, फरक दिसला की फोन करून सोडवायचा, मग रक्कम मंजुरीला पाठवायची. 19 वर्षं मी हे काम केलं. मागच्या वर्षी कंपनीने आमचं अख्खं खातं परदेशातल्या सेवा केंद्राकडे दिलं. शेवटचे 4 महिने 'नॉलेज ट्रान्सफर'मध्ये गेले, म्हणजे स्क्रीनच्या पलीकडे बसलेल्या मुलीला मी माझंच काम शिकवत होते. ती हुशार होती, नेमके प्रश्न विचारायची, आणि तिची ती पहिलीच नोकरी होती. तिच्यावर माझा अजिबात राग नाही.

निरोपाच्या कागदांसोबत या आउटप्लेसमेंट सेवेचं, म्हणजे नोकरी गेलेल्यांना नवी नोकरी शोधायला मदत करणाऱ्या सेवेचं, लॉगिन मिळालं. पैसे कंपनीने भरले होते. माझ्याकडून 5 पैकी 2 तारे, आणि ते दोन्ही समुपदेशक मॅडमचे.

मी बायोडेटात 'बिलांची नोंद व तपासणी' एवढंच लिहिलं होतं. मॅडमनी विचारलं, "एकच बिल दोनदा आलं तर तुम्हाला कळायचं कसं?" मी सांगत गेले : बिल नंबरात एखादा शून्य जास्त असतो, तारीख एका दिवसाने पुढे असते, रक्कम तीच पण बँक खातं नवं असतं. त्या लिहून घेत होत्या. त्यातून पहिली ओळ तयार झाली : 'दुबार आणि बनावट बिलं पकडण्याचा 19 वर्षांचा अनुभव'. मला जे रोजचं वाटत होतं ते कौशल्य आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोन मुलाखती त्याच ओळीमुळे आल्या. सराव मुलाखतीही त्यांनी मनापासून घेतल्या.

बाकी सेवा मात्र गृहीतच धरते की उणीव माझ्यात आहे. पोर्टलवरून रोज येणाऱ्या नोकऱ्यांच्या यादीत बहुतेक डेटा एंट्रीची, तीन-तीन महिन्यांच्या करारावरची कामं असायची. म्हणजे उद्या जी परदेशात जाऊ शकतात तीच! गटसत्रात आमच्याच खात्यातले आम्ही 11 जण. सगळ्यांचा बायोडेटा एकाच साच्यातला, सगळ्यांचे अर्ज त्याच चार ठिकाणी. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी चिनी आयातीमुळे अमेरिकेतल्या ज्या भागांतले कारखाने मोडकळीस आले त्यांचा अभ्यास 2013 मध्ये मांडला. त्यांना दिसलं की अशा भागात कारखान्याबाहेरच्या कामांचे पगारही उतरतात; एक कारण हे की बाहेर पडलेली माणसं तिथेच काम शोधतात. आमच्या त्या सत्रात मला हेच दिसत होतं.

एका वेबिनारमध्ये सांगितलं गेलं की काम स्वस्त जागी गेलं की कंपनीचा खर्च वाचतो, वस्तू स्वस्त होतात, उरलेल्या पैशातून नवी कामं निघतात. खरं आहे ते. पलीकडच्या मुलीच्या घरी पहिला पगार गेला, तोही याच हिशेबात धरायला हवा. पण हा फायदा लाखो लोकांत चिमूटचिमूट वाटला जातो आणि तोटा एका खात्यातल्या 11 घरांवर पडतो. जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन या अर्थशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या जुन्या कामगारांचे आकडे तपासले. अडचणीतल्या कंपन्यांतून बाहेर पडलेल्यांची कमाई, नोकरी टिकली असती तर जेवढी झाली असती त्यापेक्षा, सहाव्या वर्षीही जुन्या कमाईच्या सुमारे 25 टक्के एवढ्या रकमेने कमी होती. सहा वर्षांच्या घसरणीवर 12 आठवड्यांचा उपाय कसा पुरणार? अमेरिकेत परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी 1962 पासून सरकारी योजना होती. तिच्यात प्रशिक्षण घेणाऱ्याला 130 आठवड्यांपर्यंत उत्पन्नाचा आधार मिळू शकत असे. 1 जुलै 2022 पासून तिच्यात नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. नवं काम शिकायला माणसाला किती वेळ लागतो याचा अंदाज निदान त्या योजनेला होता. या पोर्टलवरचे कोर्स दोन-दोन तासांचे आहेत, आणि अंतर्गत लेखापरीक्षणाचा, ज्याची मला खरी गरज होती, तो त्यात नाहीच.

मला नोकरी लागली ती सेवा संपून सात आठवड्यांनी, अंतर्गत तपासणी विभागात, आधीपेक्षा कमी पगारावर. पगार किती मागावा, हे विचारायला मॅडम हव्या होत्या, पण लॉगिन बंद झालं होतं.

तुमच्या कंपनीने ही सेवा देऊ केली तर जरूर घ्या. सही करण्याआधी मात्र कंपनीकडे दोन गोष्टी मागा : सेवा नोटीस पिरियडपासून नव्हे, प्रत्यक्ष नोकरी सुटल्याच्या दिवसापासून मोजली जावी, आणि गटसत्रांच्या बदल्यात एखाद्या पूर्ण अभ्यासक्रमाची फी मिळावी. आमच्यातल्या एकाने मागितली, त्याला मिळाली. बाकी आम्ही दहा जणांनी विचारलंच नव्हतं. आणि बायोडेटाची फाइल शेवटच्या आठवड्याआधी उतरवून ठेवा, मुदत संपली की पोर्टलवरचं सगळं पुसलं जातं.