सात माणसं, एक डबा: सुट्टीतली पुणे मेट्रो

रिक्षात तिघं बसतात आणि सुट्टीत आमच्या घरी माणसं असतात सात. मी, हे, सासूबाई, लेक, शिवाय सांगलीहून आलेल्या नणंदबाई, त्यांचे यजमान आणि मुलगा. म्हणजे कुठंही निघायचं तर तीन रिक्षा, आणि पोचल्यावर "तुम्ही नक्की कुठल्या गेटपाशी?" असे फोन. या दिवाळीत जिथं मेट्रो जाते तिथं मेट्रोनंच जायचं ठरवलं आणि आठवडा फार आनंदात गेला. घरात म्हातारं माणूस आणि मुलं असतील तर पुण्यात फिरायला इतकी सोयीची दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

आम्ही आनंदनगरहून चढतो. वनाज ते रामवाडी ही मार्गिका पौड रस्त्यावरून निघून कर्वे रस्त्याला येते, नळ स्टॉपला खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा दुमजली प्रकार आहे, आणि डेक्कनपासून मुठेच्या कडेकडेनं जाते. भाच्याला मावळ्यांच्या पगडीसारखी छपरं असलेली स्टेशनं बघायची होती. डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान, दोन्हींची छपरं तशी आहेत. खिडकीपाशी दोन्ही पोरं आणि मध्ये आजी. कर्वे रस्ता पूर्वी कसा होता हे त्या सांगत होत्या. स्कूटरवर हे बोलणं कधी झालंच नसतं.

सगळ्यात सांगण्यासारखं आहे ते सिव्हिल कोर्ट. स्वारगेटकडे जायला इथं गाडी बदलायची. वनाजहून आलेली गाडी वरच्या पुलावर थांबते आणि स्वारगेटची गाडी जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर. सरकत्या जिन्यांनी उतरत राहायचं, आणि इतकं खोल जाऊनही छताच्या रचनेमुळे दिवसाचा उजेड खाली येतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही लिफ्टनं गेलो. डब्याची पातळी फलाटाशी जुळते. बसची उंच पायरी चढताना त्यांना जो आधार द्यावा लागतो तो इथं लागला नाही. बदलायला मात्र हाताशी वेळ ठेवा, सोबत ज्येष्ठ असतील तर घाई करूच नका. पुढे बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो. हे कळल्यावर भाचा कसबा पेठ येईपर्यंत छताकडेच बघत होता.

मंडई स्टेशन हे या मेट्रोनं पुण्याला दिलेलं सगळ्यात मोठं सुख. सप्टेंबर 2024 मध्ये हा स्वारगेटपर्यंतचा टप्पा सुरू झाला आणि तुळशीबागेत गाडी कुठं लावायची हा प्रश्नच आमच्यापुरता मिटला. ताईंनी पितळी समया घेतल्या, मुलींच्या बांगड्या झाल्या, दगडूशेठचं दर्शन झालं. तिथून चालत केळकर संग्रहालय. मस्तानीचा कोथरूडमधला महाल तिथं आणून पुन्हा उभारला आहे. आम्ही कोथरूडचे, म्हणून लेकीला त्याचं भारी अप्रूप. सासूबाई मात्र अडकित्त्यांच्या कपाटापाशी रमल्या; त्यांच्या माहेरी तसाच एक होता म्हणे.

आगाखान पॅलेसला कल्याणीनगरला उतरून पुढे रिक्षा केली. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांपाशी मुलं आपणहून शांत झाली. कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 ला इथंच, नजरकैदेत असताना गेल्या, हे यांनी मुलांना नीट सांगितलं. परतताना डब्यात त्याच विषयावर प्रश्न चालू होते.

नाटकाला बालगंधर्व. संभाजी उद्यान स्टेशनवरून चालत जाता येतं आणि मेट्रो रात्री 11 पर्यंत असल्यानं शेवटच्या अंकात घड्याळाकडे बघावं लागत नाही.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाला जायचं तर अजून स्वारगेटला उतरून बस पकडावी लागते. स्वारगेट ते कात्रज हा भुयारी मार्ग व्हायचा आहे. तो लवकर व्हावा असं मला मनापासून वाटतं, कारण तिथं लहान मुलं घेऊन जाणारी घरं सगळ्यात जास्त. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. तसंच स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा. आमचं घर चालत जाण्याजोगं आहे. ज्यांचं आत गल्लीत आहे त्यांना छोट्या बसची फार गरज आहे.

शनिवार-रविवारी तिकिटावर 30 टक्के सूट असते, विद्यार्थ्यांना रोजच. पूर्ण भाडंही 35 रुपयांच्या वर जात नाही. तिकीट व्हॉट्सॲपवर निघतं, त्यामुळे खिडकीशी रांग लावायची गरज नाही. डब्यात खायला मनाई आहे, तेव्हा मुलांना आधी पोटभर खायला घाला. आणि मंडईला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. दुपारनंतर तुळशीबागेत सात माणसं एकत्र चालूच शकत नाहीत.