हक्क देऊन टाकावा की वापराचा परवाना द्यावा?

लेखक, चित्रकार किंवा संगीतकार आपली कृती प्रकाशकाच्या हाती सोपवतो तेव्हा एक तर स्वामित्वहक्काचे हस्तांतरण होते, नाही तर मालकी त्याच्याकडेच राहून केवळ वापराचा परवाना दिला जातो. संपूर्ण हस्तांतरणात अनुवाद आणि रूपांतर यांना परवानगी देण्याचा अधिकारही नव्या मालकाकडे जातो, आणि निर्मात्याला स्वतःच्याच कृतीची प्रत काढण्यासाठी त्याची संमती मागावी लागू शकते. बर्न करार या स्वामित्वहक्काविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बहुतेक कृतींना निर्मात्याच्या हयातीनंतरही किमान 50 वर्षे संरक्षण मिळते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा सहीचे वजन कळते.

परवान्यात मुदत, प्रदेश, भाषा आणि माध्यम यांच्या मर्यादा घालता येतात. तो अनन्य, म्हणजे एकालाच दिलेला, नसेल तर एकच छायाचित्र अनेकांना वापरायला देता येते. अनन्य असेल तर मात्र त्या मर्यादेत सहसा खुद्द निर्मात्यालाही तो वापर करता येत नाही, म्हणून ‘परवाना’ या सौम्य शब्दावर विसंबू नये.

अनेकांच्या हातून घडणाऱ्या संगणकप्रणालीसारख्या कामात सर्व हक्क एका ठिकाणी असणे सोयीचे असते, हे खरे. एकट्या निर्मात्याने मात्र माझ्या मते आधी परवान्याचाच विचार करावा. श्रेय मिळण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक विकृतीस हरकत घेण्याचा नैतिक हक्क 1928 पासून बर्न करारात असून आर्थिक हक्क दिल्यानंतरही तो उरतो. पण त्यातून मोबदला परत मिळत नाही.