सेटिरिझिन: सहा महिने रोज घेतली, मग सोडून पाहिली

सकाळी डोळे उघडायच्या आत वीस-पंचवीस शिंका, नाकातून पाण्याची धार आणि टाळूला आतून खाज. धुळीची ॲलर्जी. पडदे धुऊन झाले, उश्या बदलून झाल्या, शेवटी डॉक्टरांनी सेटिरिझिन १० मिलीग्रॅम लिहून दिली, रोज एक. ती सहा महिने घेतली, त्यानंतर तीन महिने फेक्सोफेनाडिन, ही ॲलर्जीवरचीच दुसरी गोळी.

आधी गुण सांगते. शिंका तासाभरात थांबायच्या आणि एका गोळीवर अख्खा दिवस निघायचा. डोळ्यांची चुरचुरही गेली. चोंदलेलं नाक मात्र फारसं मोकळं झालं नाही. ते या गोळ्यांचं कामच नव्हे, हे मला उशिरा कळलं. त्यावर नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे जास्त लागू पडतो, पण तो रोज नेमाने मारावा लागतो.

आता झोपेचं. क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन या ॲलर्जीवरच्या जुन्या गोळ्या मेंदूत सहज शिरतात आणि माणसाला आडवं करतात. सेटिरिझिन त्या मानाने सौम्य, पण अगदी निर्दोष नव्हे. मला पेंग कधीच आली नाही, म्हणून मी निर्धास्त होते. मग एका दुपारी गाडी चालवताना रोजचं वळण सरळ मागे टाकून पुढे गेले. त्याच आठवड्यात एका रकान्याची बेरीज तीनदा केली आणि तीन वेगळी उत्तरं आली. याला झोप म्हणत नाहीत, पण डोकं उशिरा चालत होतं, आणि ते ज्याचं त्याला समजत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीवर नेली. सकाळी जडपणा राहायचा, दुपारी नाही. तोंडाला कोरड मात्र कायम. दारूबरोबर तर ही गोळी नकोच, गुंगी वाढते.

मध्येच सर्दी झाली आणि मी शहाणपणा केला. घरात होती ती सर्दीची गोळी वरून घेतली. दुसरा दिवस निम्मा झोपेत गेला. नंतर पाकीट उलटून वाचलं तर तिच्यात क्लोरफेनिरामिन! सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत ते असतं, म्हणजे एका जातीची दोन औषधं एकदम पोटात. नात्यातल्या एका काकांना प्रोस्टेटचा त्रास आहे. तसल्याच गोळीने त्यांची लघवी अडली आणि रात्री धावाधाव झाली. काचबिंदू असेल तरीही या जुन्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. सेटिरिझिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो.

खरी गंमत (तेव्हा ती गंमत वाटली नव्हती) गोळी सोडताना झाली. सहा महिन्यांनी बरं वाटत होतं, म्हणून एके दिवशी बंद केली. दुसऱ्या रात्री तळहात, तळपाय, डोकं, सगळीकडे खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. साबण बदलला, चादर बदलली. पित्त उठलं असेल म्हणून घरच्यांनी पित्तावरचं औषधही पाजलं. आपल्याकडे अंगावरच्या गांधींनाही पित्त आणि पोटातल्या आम्लालाही पित्त, त्यामुळे हा घोळ ठरलेलाच.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘गोळी कधी बंद केलीत?’’ सेटिरिझिन किंवा तिचंच भावंड लेव्होसेटिरिझिन बरेच महिने रोज घेऊन एकदम थांबवली तर काही जणांना अशी तीव्र खाज सुटते. प्रकार विरळा आहे, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. गोळी पुन्हा सुरू केली आणि खाज गेली. मग एक दिवसाआड, पुढे दोन दिवसांआड, असं करत महिनाभराने सुटली. हे आधी कोणी सांगितलं असतं तर चार रात्री तरी वाचल्या असत्या.

त्यानंतर फेक्सोफेनाडिन १२० मिलीग्रॅम, तीही फक्त त्रास होईल त्या दिवशी, आणि जोडीला स्प्रे. डोकं स्वच्छ राहतं. या बाबतीत मी हिला सेटिरिझिनपेक्षा वरचा नंबर देईन. पण हिचे नखरे आहेत. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडेना, कारण मी ती संत्र्याच्या रसाबरोबर घेत होते. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाने ती अंगात नीट शोषलीच जात नाही. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधानेही तेच होतं. म्हणजे गांधी उठल्यावर ‘पित्त’ म्हणून ते औषध आणि ही गोळी एकदम घेतली, तर गोळी वाया. साध्या पाण्याबरोबर घ्यायला लागले आणि गुण आला.

एक गोष्ट मात्र यांपैकी कुठल्याच गोळीच्या भरवशावर सोडू नका. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर गोळीचा गुण यायची वाट पाहत बसायचं नाही. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि तडक दवाखाना गाठायचा.

पुढच्या आठवड्यात माझी त्वचेवरची ॲलर्जी चाचणी आहे. गोळी अंगात असली तर ॲलर्जी असूनही चाचणीत काही दिसत नाही, म्हणून सात दिवस फेक्सोफेनाडिनही बंद, स्प्रे तेवढा चालू. आज तिसरा दिवस. सकाळी अकरा शिंका मोजल्या, खाज नाही.