वडखळ की वाडखल? : नकाशाच्या एका अ‍ॅपची मराठी

गेले चार महिने मी नकाशाचे एक लोकप्रिय अ‍ॅप मुद्दाम मराठी भाषा निवडून वापरत आहे. वाट दाखवण्याच्या बाबतीत त्याला नावे ठेवावीत असे फारसे काही नाही. पुढची कोंडी, घाटातील वळणे आणि पर्यायी रस्ता ते चोख सांगते. ज्या गावांतून ती वाट जाते त्यांना त्याने जी नावे ठेवली आहेत, त्यांच्याविषयी मात्र लिहिणे भाग आहे.

मुंबई–गोवा महामार्गावर पनवेलपर्यंत सारे ठीक होते. त्यानंतर गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणचे पडद्यावर ‘पेन’ झाले, वडखळचे ‘वाडखल’, नागोठण्याचे ‘नागोथाने’, माणगावचे ‘मनगाव’ आणि चिपळूणचे ‘चिपलून’. या चुकांची तऱ्हा पाहिली की त्यांचे मूळ लक्षात येते. ही नावे मराठीतून घेतलेली नाहीत. रोमन लिपीतील नावे यंत्राने पुन्हा देवनागरीत उलटवली आहेत. नेहमीच्या रोमन लेखनात ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल यांना एकेकच अक्षर मिळते, आणि अ व आ यांच्यातील फरक दाखवणारी रेघ तर पाट्यांवर कोणीच देत नाही. नागोठणे हे नाव रोमनमध्ये लिहिले तर दोन स्वर आणि दोन व्यंजने अशा चार ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय उभे राहतात, म्हणजे एकूण 16 वाचने संभवतात. त्यांतल्या एकाच नावाचे गाव महामार्गावर आहे, आणि अ‍ॅपने उरलेल्या 15 मधून एक निवडले.

हा केवळ शुद्धलेखनाचा हट्ट नाही. आपल्याकडील कितीतरी गावांची नावे झाडे, पाणी, हद्दी यांवरून पडलेली आहेत आणि एक अक्षर बदलले तरी ती खूण पुसली जाते. वडखळ म्हटले की निदान वड ऐकू येतो. ‘वाडखल’मध्ये तो राहत नाही. याहून बोलके उदाहरण शीवचे आहे. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट तेथे संपून पलीकडे साष्टी सुरू होत असे. इंग्रजी वळणाने त्याचे ‘सायन’ झाले आणि अ‍ॅपच्या मराठी नकाशावरही ‘सायन’च आहे. मी शोधपट्टीत ‘शीव’ असे लिहिले, तेव्हा त्याने मोठ्या तत्परतेने शंकराची देवळे दाखवली. भाईंदरचे ‘भयंदर’ हे रूप पाहून तर तेथे घर शोधणाऱ्याने बेत बदलावा.

मोठ्या शहरांची नावे बिनचूक आहेत, कारण ती बहुधा कोणीतरी हाताने भरली असावीत. पुणे आणि ठाणे यांना धक्का लागलेला नाही, हे बरे झाले; एकाचा माग राष्ट्रकूटांच्या 758 सालच्या ताम्रपटातील ‘पुण्यविषया’पर्यंत जातो, तर दुसऱ्याचा शिलाहारांच्या ‘श्रीस्थानका’पर्यंत. परंतु ही नावे वाक्यात आली की यंत्राची परकी जीभ उघडी पडते. ‘ठाणे कडे जा’, ‘पुणे मध्ये प्रवेश’ असे ते बोलते. ठाण्याकडे, पुण्यात, साताऱ्याला ही सामान्यरूपे मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वी सहज वापरते. ‘ळ’चा उच्चार आवाजाला जमतो, कारण लोणावळ्याचे नाव त्याने व्यवस्थित घेतले. अडचण जिभेची नसून पुरवलेल्या अक्षरांची आहे.

काही ठिकाणी अ‍ॅपला दोष देता येत नाही. कऱ्हाड लिहावे की कराड, यावर आपलेच एकमत नाही. जुन्या ‘करहाटक’शी पहिले रूप अधिक जवळचे असले, तरी दुसरे सर्रास चालते. खेड या नावाचाही गोंधळ मुळातला आहे: एक रत्नागिरी जिल्ह्यात, दुसरे पुणे जिल्ह्यात. दुसऱ्याचे नाव हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ राजगुरुनगर झाले, पण तालुका खेडच राहिला. अ‍ॅप निवड करण्यापूर्वी जिल्हा विचारते, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली सोय आहे.

चूक कळवण्याची व्यवस्थाही आहे. वडखळची दुरुस्ती मी पाठवली, ती नवव्या दिवशी मान्य झाली आणि पुढच्या अद्ययावत आवृत्तीत ‘वाडखल’ परत आले. कळवलेली दुरुस्ती टिकत नसेल, तर वापरकर्त्याने ती का पाठवावी, असे मी पुन्हा लिहून विचारले. त्यावर आभार मानणारे आपोआप आलेले उत्तर मिळाले, तेही इंग्रजीत.

वाट दाखवण्यासाठी मी त्याला पाचपैकी चार गुण देईन आणि मराठीसाठी दीड. सध्या गाडीत दिशा त्याची ऐकतो आणि गावांची नावे पुढे चाललेल्या एसटीच्या पाटीवर वाचतो.