नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय: आयसीयू, लेबर रूम की उपकेंद्र?

बी.एस्सी. नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली, मिरजेत किंवा कराडला एखाद्या आयसीयूत वर्ष-दोन वर्षं गेली की मुली (आणि आता मुलगेही) विचारायला लागतात, पुढे काय? कॉलेजात शिकवायची हौस नसेल आणि पेशंटजवळच राहायचं असेल, तर आज तीन वाटा आहेत. क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा (म्हणजे ठरावीक हद्दीत तपासण्या आणि औषधं स्वतः ठरवणाऱ्या नर्सचा) दोन वर्षांचा कोर्स, मिडवाइफरीमधला, म्हणजे प्रसूतिसेवेतला दीड वर्षाचा कोर्स, आणि उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची, म्हणजे सीएचओची जागा. तिसऱ्या पदाच्या नावात 'नर्स प्रॅक्टिशनर' हे शब्द कुठेच नाहीत. पण काम बघितलं तर ती जागा त्या भूमिकेच्या फार जवळ आहे, म्हणून तिलाही या रांगेत घेतलंय.

या वाटांची तुलना फी, कालावधी आणि पगार यांवर होते. मला त्याआधी तीन गोष्टी बघाव्याशा वाटतात: तुम्ही औषध देणार ते कुठल्या कागदाच्या आधारावर, त्या नावाचं मंजूर पद कुठे आहे का, आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाच्या अंगावर येणार.

आधी कायद्याचं बघू

औषध नियमांनुसार शेड्यूल एचमधलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकता येतं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ही ती नोंदणी नव्हे. त्यामुळे तुमच्या नावापुढे कितीही मोठी पदवी लागली तरी सांगलीतला केमिस्ट तुमच्या सहीवर अँटिबायोटिक देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

सरकारला ही भूमिका नको आहे असं मात्र नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचं वेगळं केडर (सेवा-संवर्ग) उभारण्याचा उल्लेख आहे. २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याच्या कलम ३२ मध्ये 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ला मर्यादित परवाना देण्याची सोय केली: प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारात ठरावीक औषधं स्वतंत्रपणे, त्यापलीकडे डॉक्टरच्या देखरेखीखाली. या परवान्यांची संख्या डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, अशी मर्यादाही तिथेच आहे. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेनं या कायद्याविरुद्ध देशभर बंद पुकारला होता, तो अनेकांना आठवत असेल. 'मर्यादित परवान्याच्या नावाखाली भोंदूंना रान मोकळं होईल' हा डॉक्टरांचा आक्षेप होता. तो अगदीच टाकाऊ नव्हता, कारण परवाना नेमका कुणाला हे त्या कलमात सैलच ठेवलंय. नर्सिंगसाठीचा स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घ्यायला आला.

धोरण, कायदे, आयोग सगळं कागदावर आहे. ड्युटीवरच्या नर्स प्रॅक्टिशनरच्या हातात मात्र असते ती तिच्या हॉस्पिटलची स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कुठल्या वेळी काय करायचं याची आधीच देऊन ठेवलेली सूचना. याच मुद्द्यावर तिन्ही वाटा वेगळ्या पडतात.

क्रिटिकल केअर: शिक्षण पक्कं, जागा कच्ची

इंडियन नर्सिंग कौन्सिलनं हा एम.एस्सी. दर्जाचा रेसिडेन्सी कोर्स २०१७ च्या सुमारास आणला. बी.एस्सी., नोंदणी आणि किमान एक वर्षाचा, शक्यतो आयसीयूतला अनुभव लागतो. दोन वर्षांतला बहुतेक काळ पेशंटच्या बेडपाशीच जातो. व्हेंटिलेटरची सेटिंग, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) वाचणं, शॉकमधला पेशंट सांभाळणं, औषधशास्त्र, सगळं आहे. अभ्यासक्रमात औषध आणि तपासण्या लिहिण्याची मुभासुद्धा आहे, पण 'संस्थेच्या प्रोटोकॉलनुसार'. सगळी मेख या दोन शब्दांत आहे. हॉस्पिटलनं प्रोटोकॉल लेखी करून त्यावर इंटेन्सिव्हिस्टची, म्हणजे आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरची सही घेतली, तर तुम्हाला काम करता येतं. तोंडी ठेवला, तर रात्री तीनला नॉरअॅड्रेनालिन (रक्तदाब वर आणणारं औषध) वाढवणारी तुम्ही, आणि सकाळी केस पेपरवर उत्तर देणारीही तुम्हीच.

नोंदणी एका शास्त्राची आणि उपचार दुसऱ्या शास्त्राचे, हे न्यायालय कसं बघतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या पूनम वर्मा निकालात दिसतं. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरनं अॅलोपॅथीची औषधं दिली, तेवढ्यावरच त्याला निष्काळजी ठरवलं गेलं. तो खटला नर्सचा नव्हता, पण वकील तोच पुढे करणार.

आता आपल्या भागाचं. मिरजेत वॉनलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, पुढे शहरात सरकारी मेडिकल कॉलेजही झालं, आणि शहर दवाखान्यांनीच वाढलं. कऱ्हाडलाही मोठं विद्यापीठ-रुग्णालय आहे. आयसीयूंची कमी नाही. पण खासगी आयसीयूत रात्रीची ड्युटी करतो तो आरएमओ (निवासी डॉक्टर), आणि तो पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. नर्स प्रॅक्टिशनरला जे काम शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं तो आजच करतोय. मालकाच्या दृष्टीनं आरएमओच्या नावापुढे 'डॉ.' लागतं, नातेवाईक ऐकून घेतात, आणि पगाराचा हिशोब बसलेला आहे. दोन वर्षं आयसीयूचंच शिकलेली नर्स त्या कामात सरस ठरेल असं मला ठामपणे वाटतं. पण गुणवत्तेवर ही जागा आपोआप मिळेल अशा भ्रमात कुणी राहू नये. बऱ्याच जणी हा कोर्स करून शेवटी इन्चार्ज सिस्टर होतात. पद चांगलं आहे, पण ते कोर्सशिवायही मिळालं असतं.

मिडवाइफरी: आखणी उत्तम, चावी सरकारकडे

केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. झालेल्या अनुभवी नर्सला दीड वर्षाचं प्रशिक्षण, मापदंड आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाचे, आणि ज्या सरकारी रुग्णालयांत प्रसूती जास्त तिथे मिडवाइफनं चालवायचे वेगळे कक्ष. सरळ, बिनजोखमीची प्रसूती तिच्या हाती; गुंतागुंत दिसली की प्रसूतितज्ज्ञाकडे. तिन्हींमध्ये भूमिकेची हद्द इथे सर्वात स्वच्छ आखली आहे.

अडचण एकच. हे पद सरकारनं दिलं तरच आहे. पश्चिम बंगाल आणि गुजरातमध्ये अशाच नावाचा कोर्स आधी झाला होता. शिकून बाहेर पडलेल्यांना स्वतंत्र केडर नसल्यानं त्या पुन्हा नेहमीच्या नर्सिंग ड्युटीत गेल्या. तेलंगणानं २०१७ मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनबरोबर प्रशिक्षण सुरू केलं आणि शिकलेल्या मिडवाइफना सरकारी लेबर रूममध्ये नेमलं, म्हणून तिथे काम दिसलं. खासगीत तर विचारूच नका. सिझेरियनवर चालणाऱ्या नर्सिंग होमला नैसर्गिक प्रसूतीत दहा तास बसणारी मिडवाइफ परवडत नाही. तेव्हा तुम्ही सरकारी सेवेत असाल आणि विभाग स्वतः प्रतिनियुक्तीवर पाठवत असेल, तर डोळे झाकून जा. स्वतःच्या खिशातून करणार असाल तर थांबा.

सीएचओ: नाव साधं, पाया भक्कम

आयुष्मान भारतमधून २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली; आता पाटीवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' आहे. मैदानी भागात पाच हजार, डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आणि तिथे एक सीएचओ. सुरुवातीला सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स लागायचा, बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात तो भाग आतच घातला आहे. मानधन महिना पंचवीस हजार आणि कामगिरीवर पंधरा हजारांपर्यंत. कंत्राटी. महाराष्ट्रात या जागांसाठी बीएएमएस डॉक्टरही रांगेत असतात, हेही धरून चला.

गंमत अशी की तिघींमध्ये औषध देताना कायद्याचा आधार हिलाच सर्वात स्पष्ट आहे. औषध नियमांच्या शेड्यूल केमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रावरच्या नर्सेस-आरोग्यसेविकांनी सरकारी कार्यक्रमातून औषधं देण्याला सूट आहे. बीपी-शुगरचं निदान आणि पहिली गोळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरची, पुढचा पुरवठा आणि पाठपुरावा सीएचओचा, अडलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टर. कोण काय करणार, हे लिहिलेलं आहे. आयसीयूतल्या एम.एस्सी. झालेल्या बाईकडे जे लेखी नाही, ते उपकेंद्रावरच्या मुलीकडे आहे.

काम मात्र सोपं नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडचं कांदाटी खोरं, पाटणचा डोंगरी पट्टा, नाहीतर जतचा पूर्व भाग, जिथे कानडी येत असेल तर निम्मं काम सोपं होतं. पावसाळ्यात नेटवर्क गेलं की ई-संजीवनीही गेली. मग समोरच्या पेशंटला पाठवायचं की थांबवायचं हे तुम्हीच ठरवता. स्वतंत्रपणे निर्णय घेणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

परदेशाचं थोडक्यात

अमेरिकेत ही भूमिका १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केली; आजही किती मोकळीक मिळते हे राज्यागणिक वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात 'नर्स प्रॅक्टिशनर' हे नावच कायद्यानं राखीव आहे. मास्टर्स आणि वरच्या दर्जाच्या कामाचे पाच हजार तास झाल्याशिवाय ते लावता येत नाही, आणि २०१० पासून त्यांच्या चिठ्ठीवर सरकारी अनुदानाची औषधं मिळतात. तिथेही डॉक्टरबरोबर सहकार्य कराराची अट २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत होतीच. इंग्लंडमध्ये उलटं: औषध लिहिण्याची पात्रता रजिस्टरमध्ये नोंदतात, नाव मात्र राखीव नाही. इथला क्रिटिकल केअरचा कोर्स करून यांपैकी कुठेही थेट नर्स प्रॅक्टिशनर होता येत नाही. आधी तिथली साधी नर्स म्हणून नोंदणी, मग तिथलं पुढचं शिक्षण. 'परदेशात स्कोप आहे' असं कुणी सांगत असेल तर एवढं विचारून घ्या.

मग निवडायचं काय

आज, सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत, घरची जबाबदारी असलेल्या आणि स्वतः निर्णय घ्यायची आवड असलेल्या मुलीला मी सीएचओ सुचवेन, कंत्राटीपणाचा धोका धरून. आयसीयूशिवाय करमत नाही अशीनं क्रिटिकल केअर करावं, पण जिथे प्रोटोकॉलची फाइल प्रत्यक्ष दाखवतात अशाच ठिकाणी. प्रवेशाच्या वेळी प्राचार्यांना विचारा की मागच्या बॅचच्या मुली आज कुठल्या पदनामाखाली सही करतात. उत्तर 'स्टाफ नर्स' आलं, तर दोन वर्षांची फी कशासाठी भरायची हे घरी बसून एकदा मोजा. आणि हॉस्पिटलच्या ट्रस्टींपैकी कुणी हे वाचत असेल, तर कायद्याची वाट न बघता करण्यासारखं एक काम आहे: कुठली औषधं, कुठल्या मात्रेत, कुठल्या आकड्यानंतर डॉक्टरला उठवायचं, हे दोन पानांत लिहून त्यावर मेडिकल डायरेक्टरची सही घ्या आणि त्याची एक प्रत सिस्टरच्या हातात द्या.