‘प्रकाशकाधीन’मधली वेलांटी मीच सुधारली!

‘मॅडम, तुमचा प्रबंध वाचला, पुस्तक व्हायलाच हवं’ असे फोन तुम्हालाही येतात. हे फोन करणारे प्रकाशक किती गोड बोलतात हे नव्याने सांगत नाही. मी नाशिकच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. एकोणीस वर्षं मुलांच्या वेलांट्या सुधारत आले आणि फसले. आकडा आधीच सांगते, म्हणजे स्टाफरूममधली कुजबुज तरी थांबेल: 26,200 रुपये. पुस्तकाचे 18,500, ‘कॉपीराइट नोंदणी’चे 4,200 आणि ‘उत्कृष्ट संशोधक’ नावाच्या सन्मानचिन्हाचे 3,500. ते सन्मानचिन्ह कुरियरने आलं, तेही काच तडकलेलं.

हाव होती का? होती. पण कुणाला नसते? कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची, फाइल करायची होती आणि यूजीसीच्या 2018 च्या नियमात राष्ट्रीय प्रकाशकाकडच्या पुस्तकाला 10 गुण आहेत. शिवाय विषय माझ्या जिवाचा होता. सुरगाण्याकडच्या कोकणा आदिवासींची डोंगऱ्या देवाची गाणी. मार्गशीर्षातल्या थंडीत पावरी या वाद्याच्या आवाजात बसून टेप केलेली, एकेक ओळ तिथल्या आजीबाईंना पुन्हा पुन्हा विचारून उतरवलेली. ‘आमचं गाणं पुस्तकात येईल ना गं?’ असं त्यांनी मला तीनदा विचारलं होतं. मग फोनवर कुणी म्हणालं की प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, वाचला, तर मी हुरळणार नाही का? प्रबंध तिथे सगळ्यांनाच दिसतो आणि माझा नंबर कॉलेजच्या संकेतस्थळावर आहे, हे कोडं तेव्हा सुटलं नाही.

करारनामा आला तेव्हा मी उन्हाळी परीक्षेच्या कॅपमध्ये, म्हणजे पेपर तपासणी केंद्रात, होते. समोर पेपरांचे गठ्ठे आणि मोबाइलवर चार पानांची इंग्रजी पीडीएफ. ‘मॅडम, फॉर्मॅलिटी आहे, आज सही झाली तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लगेच.’ सही करून फोटो पाठवला. सातवा मुद्दा वाचलाच नाही. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, हेही तेव्हा माहीत नव्हतं.

पण सही एक वेळ सोडा. जे मला आजही झोपू देत नाही ते पुढचं आहे. प्रूफं आली. पहिल्याच आतल्या पानावर छापलं होतं: ‘सर्व हक्क प्रकाशकाधिन’. मी लाल पेन उचलला, ‘धि’ची पहिली वेलांटी खोडून दुसरी केली, समासात बरोबरची खूण केली आणि पान परत पाठवलं. शब्द वाचला, अर्थ वाचला नाही. मराठीची प्राध्यापक! हे नवऱ्यालाही मी सहा महिने सांगितलं नव्हतं.

25 प्रती आल्या. आजीबाईंना एक दिली, फाइलला एक लावली, विषय संपला असं वाटलं. मग पुण्याच्या एका चांगल्या प्रकाशकाने सुधारित आवृत्ती काढायची तयारी दाखवली. ‘हक्क कुणाकडे आहेत?’ ‘माझ्याकडेच,’ मी ताठ मानेने म्हणाले. त्यांनी जुनं पुस्तक उघडलं आणि ते पान माझ्याकडे वळवलं. ना हरकत पत्रासाठी पहिल्या महाशयांनी मागितले 35,000. आणि ज्या नोंदणीचे माझ्याकडून 4,200 घेतले होते, तिचा अर्ज त्यांनी मालक म्हणून स्वतःचं नाव घालून केला होता. साहित्यकृतीच्या नोंदणीची सरकारी फी 500 रुपये आहे. आणि नोंदणी नसली तरी लिहिणाऱ्याचा हक्क जात नाही, हे वकिलाकडे बसल्यावर कळलं.

अजून बरंच कळलं. 1957 च्या कायद्यात पहिला मालक लेखक. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर मालक संस्था हक्क सांगू शकते, पण पदवीसाठी स्वतः लिहिलेल्या प्रबंधाची गोष्ट वेगळी. हक्क देण्याच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या सातव्या मुद्द्यात मात्र ‘कायमस्वरूपी’ होतं, ‘जगभर’ होतं, ‘सर्व भाषा व माध्यमे’ होतं. मानधन 500 प्रतींनंतर दहा टक्के. छापल्या 25! पारंपरिक गाण्यांवर प्रकाशकाची मालकी नाही, अडकलंय ते माझं भाषांतर आणि विवेचन. माझं नाव मात्र तो काढू शकत नाही, ते कलम 57 मुळे माझंच. नाव माझं, पुस्तक त्याचं. कागदावर ‘असाइनमेंट’, म्हणजे हक्क देऊन टाकणं, दिसलं की पेन खाली ठेवा. छापण्यापुरती परवानगी म्हणजे लायसन्स द्या, तीही मुदत घालून. आणि करार मोबाइलवर वाचू नका, प्रिंट काढा. तीस रुपये जातील.

तक्रारीचं विचाराल तर हसाल. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, ‘हे सिव्हिल मॅटर आहे, पुस्तक मिळालं ना?’ सायबरवाल्यांनी विचारलं ओटीपी कुणाला दिला होता का. नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. विद्यापीठातल्या टेबलावर उत्तर मिळालं की प्रबंधाचा हक्क तुमचा, त्याचं काय केलंत ते तुम्ही बघा. प्राचार्य म्हणाले, ‘दहा गुण मिळाले ना मॅडम, मग जाऊ द्या.’ दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथला माणूस रजेवर. पुढच्या सोमवारी गेले तर टेबलच हललेलं. लेखकांच्या तक्रारी ज्या बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे जायच्या ते 2021 मध्ये बरखास्त झालं, आता कोर्टाची पायरी. सीबीएस बसस्थानकाला रिक्षातून उतरून जिल्हा न्यायालयात किती वेळा गेले ते मोजणं सोडलंय. तरी त्यातल्या त्यात बरं एवढंच की दावा आपण राहतो तिथे लावता येतो, त्याच्या गावी जावं लागत नाही. हे मला एकाही सरकारी खुर्चीने सांगितलं नाही.

वकिलाची नोटीस, 3,000 रुपये. ‘पत्त्यावर कोणी राहत नाही’ अशा शेऱ्यानिशी परत आली. म्हणजे आता 29,200.

गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये भूगोलाच्या मॅडमचा फोन वाजला. संस्थेचं नाव नवीन, आवाज तोच. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. त्याने मला ओळखलं नाही. ‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘तुमचा प्रबंध वाचला, पुस्तक व्हायलाच हवं.’