ड्रायरच्या हीटिंग एलिमेंटचा किट: पार्ट चांगलाय, पण मागवायच्या आधी मीटर लावा

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येतंच.

आमचा ड्रायर इलेक्ट्रिक, अमेरिकेतला नेहमीचा २४० व्होल्टवाला, आणि त्याचं झालं असं की ड्रम फिरतोय, टायमर सरकतोय, आवाज रोजचाच, पण तासाभराने दार उघडलं की कपडे गार आणि ओलेच. टेक्निशियनला फोन केला तर नुसतं येऊन बघायचेच शंभर डॉलरच्या वर, पार्ट आणि मजुरी वेगळी. मग हा किट मागवला. एलिमेंट, हाय लिमिट थर्मोस्टॅट, थर्मल कट-ऑफ, सायकलिंग थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज, सगळं मिळून तीस डॉलरच्या आत. एलिमेंटचा नंबर २७९८३८, ५४०० वॅट. लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या भुशाची) जाळी मशीनच्या वरच्या बाजूने ओढून काढतात आणि हीटर मागच्या पत्र्याआड असतो, त्या जुन्या पद्धतीच्या ड्रायरचा हा पार्ट.

आता महत्त्वाचं. ड्रायर गरम होत नाही म्हणजे एलिमेंटच गेला असं धरून लोक लगेच ऑर्डर टाकतात आणि मग खाली रिव्ह्यूत लिहितात की बकवास पार्ट, लावूनही गरम होत नाही. अहो आधी घराच्या विजेच्या पॅनलवर जाऊन ब्रेकर तरी बघा. ड्रायरचा ब्रेकर ३० अँपचा जोडब्रेकर असतो आणि त्यातली एकच बाजू गेली तरी मोटर फिरत राहू शकते, कारण मोटरला १२० व्होल्ट पुरतात, एलिमेंटला मात्र दोन्ही बाजू लागतात. म्हणजे लक्षण डिट्टो तेच, ड्रम फिरतोय पण ऊब नाही. ब्रेकर पूर्ण ऑफ करून परत ऑन करायचा, अर्धवट पडलेला असेल तर नुसतं बघून कळत नाही. फुकटचं काम आहे, सगळ्यात आधी तेच करा.

ब्रेकर ठीक असेल तर ड्रायरचा प्लग काढायचा (ब्रेकर ऑफ केलाय म्हणून प्लग तसाच ठेवणं असला शहाणपणा नको, २४० व्होल्ट आहेत), मशीन पुढे ओढायचं आणि मागचा पत्रा काढायचा. स्क्रू सगळे पाव इंची हेक्सचे, त्यामुळे पाव इंची नट ड्रायव्हर असेल तर काम पटापट होतं, पक्कड घेऊन बसलात तर हात सोलून निघतील. मागून बघितलं की उजवीकडे उभा लांबट पत्र्याचा डबा दिसतो, तो हीटर. एलिमेंटच्या वायरी काढून दोन टोकांना मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावायचा. २४० चा वर्ग भागिले ५४०० केलं की साधारण १०.७ येतात, म्हणजे चांगला एलिमेंट दहा-अकरा ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. दुसरी टेस्ट बरेच जण करत नाहीत, ती म्हणजे मीटरचं एक टोक टर्मिनलला आणि दुसरं डब्याच्या पत्र्याला. इथे काहीच दाखवायला नको. दाखवलं तर कॉइल खाली लोंबून पत्र्याला टेकलीय, आणि तसला ड्रायर उलटा जास्त तापतो, हीट बंद ठेवली तरी आतून गरम येत राहतं. तसं दिसलं तर कपड्यांची एक फेरीसुद्धा चालवू नका.

आमच्याकडे कॉइल सरळ तुटलेलीच होती. एलिमेंट बाहेर सरकवला तर खालच्या वळणावर तार तुटून दोन्ही टोकांना काळे मणी झालेले, एक टोक हवेत लोंबतंय, आतला पत्रा निळसर पडलेला आणि कोपऱ्यात जळक्या लिंटचा वास. आपल्याकडे कॉइलच्या शेगडीची तार तुटली की पिळून जोडायचे आणि परत चहा ठेवायचे, तो जुगाड इथे अजिबात करू नका. जोडाच्या जागी तार जास्त तापून परत तुटते आणि इथे शेजारी लिंट उडत असतो.

नवीन एलिमेंट डब्यात एकदम बरोबर बसला, ठोकाठोकी नाही, स्क्रूचं भोकसुद्धा जागच्या जागी. तार घट्ट आणि सारखी गुंडाळलेली, चिनी मातीचे आधार कुठे तडकलेले नाहीत. स्वस्तातल्या पार्टमध्ये नेमकं इथेच मारतात, म्हणून बॉक्स उघडल्यावर आधी तेच बघितलं. लावायच्या आधी मीटर लावला, आकडा बरोबर आला. चालू केल्यावर पहिल्यांदा थोडा जळका वास येतो, नव्या तारेवरचं तेल वगैरे जळतं, रिकामाच चालवा म्हणजे कपड्यांना लागत नाही.

किटच का घ्यायचा, नुसता एलिमेंट का नाही, तर त्यातल्या छोट्या गोष्टींसाठी. सायकलिंग थर्मोस्टॅट १५५ फॅरनहाइटच्या आसपास हीट बंद-चालू करत राहतो, हाय लिमिट २५० ला तोडतो आणि थंड झालं की परत जोडतो. थर्मल कट-ऑफ मात्र एकदाच उडतो, उडाला की मेला, परत जुळत नाही. ब्लोअरजवळचा (हवा ओढणाऱ्या पंख्याजवळचा) छोटा थर्मल फ्यूजपण तसलाच, तो १९६ ला जातो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तो गेला की ड्रायर चालूच होत नाही. कट-ऑफ आणि हाय लिमिट जोडीनेच बदलायचे असतात. कारण सरळ आहे, कट-ऑफ उडाला म्हणजे त्याच्या आधी ज्याने थांबवायला हवं होतं त्याने थांबवलं नाही, किंवा हवाच पुढे जात नाहीये. जुना हाय लिमिट तसाच ठेवून नवा कट-ऑफ लावलात तर तो पण उडणार. सायकलिंगवाला मी बदलला नाही, जुना नीट चालत होता तो तसाच ठेवला. नावगाव नसलेला नवा थर्मोस्टॅट किती डिग्रीला तोडेल याचा भरवसा नाही, हे आपलं माझं मत.

आता कापलेला स्टार. एक तर सोबत कागद म्हणून एक चिटोरं, त्यावर धूसर चित्र आणि खाली "प्रोफेशनलकडून बसवून घ्या", बस्स. कट-ऑफ आणि हाय लिमिट यांतला कुठला डब्यावर वर आणि कुठला खाली एलिमेंटच्या वायरींजवळ हेसुद्धा नाही. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वायरी चारच असल्या तरी दहा मिनिटांनी सगळ्या सारख्याच दिसतात. पण खरा राग वायरीच्या टोकांच्या क्लिपांवरून आहे. जुनी क्लिप टर्मिनलवर ढिली होऊन तापत होती, तिचा पितळी रंग जाऊन तपकिरी झालेली आणि वायरीचं रबर इंचभर कडक, वाकवलं तर तुकडे पडत होते. तशीच क्लिप नव्या एलिमेंटवर चढवली तर नवं टर्मिनलही जळणार. ५४०० वॅट म्हणजे साडेबावीस अँप, ढिल्या जोडावर हा करंट खेळ नाहीये. उष्णता सहन करणाऱ्या क्लिपा आणि वीतभर वायर किटमध्ये टाकली असती तर कंपनीचं काय गेलं असतं? मला हार्डवेअरच्या दुकानात वेगळं जावं लागलं, आणि तिथे प्लॅस्टिक कव्हरवाल्या साध्या क्लिपा पहिल्या हाताशी येतात, त्या घेऊ नका.

आणि हे सगळं करून गरम हवा घराबाहेर सोडणारा मागचा पाइप तसाच ठेवलात तर हाच रिव्ह्यू पुढच्या वर्षी तुम्ही लिहाल. एलिमेंट म्हातारा होऊनही जातो, पण बऱ्याचदा हवा अडल्यामुळे जातो. आमच्या पाइपात भिंतीच्या तोंडाशीच लिंटचा ओला लगदा बसला होता, बाहेरच्या झडपेची पट्टी उघडतच नव्हती. इथल्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे ड्रायरचा पाइप चार इंची गुळगुळीत धातूचा हवा, लांबी जास्तीत जास्त ३५ फूट, आणि प्रत्येक काटकोनी वळणाचे साधारण पाच फूट त्यातून वजा. बेसमेंटमधून वळत वळत नेलेला पाइप असेल तर हिशोब करून बघा. यूएस फायर अॅडमिनिस्ट्रेशनच्या २००८ ते २०१० च्या अहवालात घरांमध्ये वर्षाला साधारण २,९०० ड्रायरच्या आगी धरल्यात आणि सगळ्यात पुढचं कारण सफाई न करणं. जाळी रोज झटकता ते ठीक, पण ड्रायर शीट (कपडे मऊ राहावेत म्हणून आत टाकतात तो कागद) वापरत असाल तर जाळीवर न दिसणारा थर बसतो, नळाखाली धरून बघा, पाणी आरपार जायच्या ऐवजी साचलं तर साबणाने घासा.

आई इथे आली होती तेव्हा हा सगळा पसारा बघून म्हणाली, "अरे दोन दोऱ्या बांध की मागे, कशाला त्या मशीनच्या नादी लागतोस!" तिला सांगितलं की आमच्या एचओएमध्ये (म्हणजे इथल्या घरमालकांच्या सोसायटीत) बाहेर कपडे वाळत घालायला बंदी आहे, तर तिचा विश्वासच बसेना. तसं तिचं बरोबर आहे, पण जानेवारीत जीन्स वाळत घालून दाखव म्हटलं.

कोणी घेऊ नये ते सांगतो. गॅसचा ड्रायर असेल तर त्यात हा एलिमेंट नसतोच, तिथे इग्नायटर आणि गॅस व्हॉल्व्हच्या कॉइल बघाव्या लागतात, ते काम माहीतगार माणसालाच द्या. आणि लिंटची जाळी दाराच्या खालच्या कडेला बसते असा ड्रायर असेल तर त्याला बरेचदा ८५४४७७१ नंबरचा एलिमेंट लागतो, तो दिसायलाच वेगळा आहे आणि हा त्यात बसणार नाही. दाराच्या आतल्या कडेवर स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल नंबर टाकून मगच ऑर्डर करा, "युनिव्हर्सल" लिहिलेल्यावर जाऊ नका.